सहा तलंगा आणि एक हवालदारीण

९ जानेवारी

वर काय लिहावं ते सुचेना, म्हणून मोकळंच सोडलं. तुला मी ज्या नावाने हाक मारायचे ते लिहायला हात धजत नाही, आणि दुसऱ्या कुठल्या नावाची मला सवय नाही.

तुझं कार्ड मिळालं. 'ते गेल्याचं खाद्याच्या दुकानदाराकडून कळलं. वाईट वाटलं.' एवढंच. सही नाही, पण अक्षर ओळखलं. नऊ वर्षांची होतीस तेव्हाही 'ळ' असाच काढायचीस, पोट सुटलेला. मागे जनावरांच्या दवाखान्याचा शिक्का होता, म्हणून तू कुठे कामाला आहेस ते कळलं. तुम्हाला कळवायचं राहून गेलं खरं. ऐन वेळची धावपळ, त्यात मी एकटी, आणि तुमचा पत्ता काही माझ्याकडे नव्हता.

हे पत्र त्यासाठी नाही. काम आहे म्हणून लिहितेय. काल दुपारी मी एका गिऱ्हाइकाच्या कोटाला अस्तर लावत होते, तर दारात हॅचरीचा माणूस उभा. हातात भोकं पाडलेलं खोकं, आत नुसता कलकलाट, आणि खोक्यावर माझ्या भावाचं नाव. "साहेबांनी उन्हाळ्यात नोंदवून ठेवल्या होत्या, सहा तलंगा. आत्ता नंबर लागला. साहेब कुठेत?" मी म्हटलं, बाहेर गेलेत. असं का म्हटलं देव जाणे. तो म्हणाला, मग तुम्ही सही करा. केली.

तलंग म्हणजे काय ते तुला सांगायला नको. धड पिल्लू नाही, धड कोंबडी नाही. अंडं द्यायला अजून तीन महिने, खायला मात्र आत्तापासून. परसात त्याच्या जुन्या चार कोंबड्या आहेतच. त्यांच्यात या सहा कशा सोडायच्या? मला शिवणयंत्र कळतं, कोंबडी कळत नाही. तू त्याच्या हाताखाली दोन वर्षं खुराडं सांभाळलं आहेस. उत्तर दिलंस तर बरं. नाही दिलंस तरी माझं काही अडणार नाही.

— बाई


२४ जानेवारी

उत्तर नाही. ठीक आहे. दवाखान्यात फोन करता आला असता, पण फोनवर पलीकडचं माणूस गप्प बसलं की मला ते ऐकवत नाही. कागद बरा, तो मुळातच गप्प.

शेवटी खाद्याच्या दुकानदारालाच विचारलं. तो म्हणाला, आधी दोन आठवडे अगदी वेगळ्या ठेवा, कसला रोग बरोबर आणला असेल तर कळेल. मग दोन आठवडे मध्ये जाळी लावा. एकमेकींना दिसू द्या, पोचू देऊ नका. वेगळ्या ठेवायला माझ्याकडे जागा कुठली? माझ्या भावाच्या खोलीत ठेवल्यात. पलंग भिंतीला उभा केला, खाली वर्तमानपत्रं पसरली. सकाळी त्या खोलीतून आवाज आला की क्षणभर वाटतं, उठला. मग कळतं.

जुन्या चौघींची ओळख करून देते. एक लंगडी, एक शेपूटतुटकी, एक भोपळी (ती बसली की उठत नाही), आणि चौथी हवालदारीण. ही नावं त्यानेच ठेवलेली. हवालदारीण म्हणजे काय बाई आहे! आधी ती खाणार, तिचं झालं की मग बाकीच्या. दांडीवर मधली जागा तिची. कोणी चुकून बसलीच, तर डोक्यावर एक टोच. मला आपली ती आवडते. घरात कोणीतरी शिस्तीचं लागतं.

ते दुकान कोपऱ्यावर आहे, चालत दहा मिनिटं. माझा भाऊ दर महिन्याच्या पहिल्या रविवारी खाद्य आणायला म्हणून सकाळी आठला निघायचा आणि दिवेलागणीला परत यायचा. तेरा वर्षं. एवढा वेळ कसा लागतो म्हणून मी कधी विचारलं नाही. त्यानेही कधी सांगितलं नाही. दुकानदार मला बघून जरा चुळबुळला. तो कुणाकडे जायचा ते सगळ्या गावाला ठाऊक होतं म्हणायचं.

तू आणि तुझी आई गेलात त्याच्या आधी उशीचा एक अभ्रा कमी भरला होता. निळ्या ठिपक्यांचा, जोडीतला. आता त्याचं काही नाही. आठवलं म्हणून लिहिलं.

— बाई


११ फेब्रुवारी

माझ्याकडून घोटाळा झालाय, आणि तो कबूल करायला दुसरं कोणी नाही म्हणून तुला लिहितेय.

जाळी दोन आठवडे ठेवायची होती. मी चार दिवसांत काढली. दोन भांडी खाद्याची, दोन पाण्याची, दोनदा धुणं, दोनदा झाडणं, माझी कंबर बोलायला लागली. म्हटलं, बघितलं ना एकमेकींना, पुरे झालं कौतुक. जाळी गुंडाळली आणि चहा टाकायला आत आले. पाणी उकळायच्या आत बाहेर आकांत. पाच तलंगा कुंपणाच्या कोपऱ्यात एकीवर एक चढलेल्या, आणि सहावी, सगळ्यात बारकी, हवालदारणीच्या पायाखाली. पाठीवरची पिसं उपटलेली, रक्त. बाकीच्या तिघी जुन्या लांब उभ्या राहून बघत होत्या. त्यांनी टोचलं नाही, पण थांबवलंही नाही.

मी झाडू घेऊन धावले. त्या बारकीचं नाव मी आता चिंधी ठेवलंय.

मग मला वाटलं, आपण शिवणारी बाई, पाठ झाकता येईल की. कोटाच्या अस्तरातली लाल साटीन उरली होती. मस्त जाकीट शिवलं, पंखांना भोकं, मानेशी गोल पट्टी, आणि पोटाखालून आणून पाठीवर चार बटणं. मोत्याची, चकचकीत. काय दिसत होती म्हणून सांगू! जाकीट घालून तिला परत आत सोडली. आणि गं, चारी म्हाताऱ्या त्या बटणांवर तुटून पडल्या. ज्या तिघींनी आधी हात लावला नव्हता, त्याही. कोंबडीला चमकणारी वस्तू दिसली की दाणाच वाटतो, हे आता दुकानदाराने हसत हसत सांगितलं. चाळीस वर्षं बटणं लावतेय मी. बटण कुठे लावू नये हे कोंबड्यांकडून शिकायची वेळ आली.

चिंधी आता पलंगाच्या मागे बसून असते. खात नाही. मरेल की काय, असं वाटतंय. भावाने मागवलेली शेवटची गोष्ट माझ्या हातून मरायला नको. तुला माझा राग आहे, माहीत आहे मला, पण तिने तुझं काय केलंय?

— बाई


१९ फेब्रुवारी

कार्ड मिळालं. काय ते हुकूम! 'बटणं काढा, नाडी लावा. जखमेला जांभळं औषध लावा, लाल दिसलं की टोचतात. चिंधीला एकटी ठेवू नका, बरोबर एक तलंग द्या. टोचणारीला आठ दिवस वेगळी ठेवा. टोच खाणारीला नाही.'

कालची पोर मला शिकवणार. कार्ड वाचून मी ते यंत्राच्या खणात टाकलं आणि खण धाडकन बंद केला. तासाभराने उघडला.

सगळं केलं. नाडी लावली, औषध लावलं, चिंधीची पाठ आणि माझी बोटं जांभळी झाली. संध्याकाळी तिने चार दाणे खाल्ले. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. कोंबडीसाठी. तुला हसू येईल, येऊ दे.

आता हवालदारीण पिंजऱ्यात आहे. पिंजरा माझ्या शिवणाच्या खोलीत, यंत्राच्या शेजारी. पहिल्या दिवशी तिने नुसता थयथयाट केला. दुसऱ्या दिवशी पिंजऱ्याच्या गजांना टोचत बसली. आता गप्प आहे. मी शिवते, ती बघते. गिऱ्हाइकं विचारतात, हिने काय गुन्हा केलाय? मी सांगते, हिला वाटायचं घर हिचं आहे.

तुझी शेवटची ओळ मी पुन्हापुन्हा वाचतेय. ती कोंबडीबद्दलच लिहिलीस ना?

— बाई


२६ फेब्रुवारी

आज सुट्टी आहे, गिऱ्हाईक नाही, आणि आज लिहिलं नाही तर कधीच लिहिणार नाही.

पहिल्या पत्रात मी खोटं लिहिलं. तुमचा पत्ता माझ्याकडे होता. सहा वर्षांपूर्वी त्याचा शर्ट रफू करताना खिशात बसचं तिकीट आणि पत्त्याची चिठ्ठी सापडली. मी पत्ता पाठ केला, दोन्ही परत खिशात ठेवली आणि खिसा शिवून टाकला. संध्याकाळी त्याने तो उसवला. ना तो बोलला, ना मी.

तो शेवटचे नऊ दिवस इस्पितळात होता. पहिल्याच दिवशी मला म्हणाला, "ताई, पाहुणीला कळव." हे नाव मीच ठेवलेलं, तुला ठाऊक आहे. तू आईचा हात धरून या घरात आलीस तेव्हा मी म्हटलं होतं, ही कोण पाहुणी? मग दोन वर्षं तेच म्हणत राहिले. पाहुणी, ताट घे. पाहुणी, बाजूला हो. लोक हसायचे, लाडाचं नाव समजायचे. तू आत्या म्हणायला लागलीस तेव्हा मीच तुला सांगितलं, मला बाई म्हण, गिऱ्हाइकं म्हणतात तसं. त्याच्या तोंडी मात्र 'पाहुणी' खरंच लाडाचं झालं होतं. कधी झालं ते मला कळलं नाही.

मी म्हटलं, कळवलंय. कळवलं नव्हतं. मला वाटलं, बरा होऊन घरी येईल, मग कशाला उगाच तुम्ही यायचं? खरं सांगायचं तर, त्याच्या उशाशी तू बसलेली मला बघायची नव्हती. तेवढी जागा तरी माझी असावी असं वाटलं. रोज भेटीच्या वेळी तो विचारायचा, आली का? मी म्हणायचे, येतेय. चौथ्या दिवशी त्याने नर्सकडून केस विंचरून घेतले. नवव्या दिवशी गेला.

तू आली नाहीस असं समजून तो गेला. हे मी केलं.

आणि एक. पिवळा फ्रॉक आठवतो? तुझ्या दहाव्या वाढदिवसाला माझ्या भावाने कापड आणलं आणि म्हणाला, ताई, छान शिव. शिवला. बाहेरून कोणी नाव ठेवलं नसतं. आम्ही शिवणारी माणसं शिवणीच्या आत जास्तीचं कापड सोडतो, लेकरू वाढलं की उसवून मोठं करता यावं म्हणून. त्याला माया म्हणतात. लहान मुलाच्या कपड्याला तर दोन-दोन बोटं सोडतात. तुझ्या फ्रॉकला मी सोडली नाही. दोऱ्याला दोरा लावून कापलं. मला वाटलं, पुढच्या वर्षी ही इथे असणार थोडीच. कापड काही कमी नव्हतं. उरलेल्याच्या मी पिशव्या शिवल्या.

वर्षाने वहिनीने फ्रॉक मोठा करायला उसवला असणार. ती काही बोलली नाही. महिन्याभरात तुम्ही गेलात. माझा भाऊ माझ्यापायी मागे राहिला, आणि मी तेरा वर्षं समजत होते की मी जिंकले.

उत्तर देऊ नकोस हवं तर. माफी मागण्याचं तोंड मला नाही, तरी मागते.


२१ मार्च

उत्तर नको असं मीच लिहिलं होतं. तरी रोज पोस्टमनची सायकल वाजली की पाय यंत्रावरून उचलला जातो.

दहा दिवसांनी हवालदारणीला परत आत सोडलं. मला वाटलं होतं, गेल्या गेल्या धुमाकूळ घालेल. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. पण तोवर आतली सगळी घडी बदलली होती. जुन्या आणि नव्या एकत्र खात होत्या, मधल्या दांडीवर भोपळी आणि दोन तलंगा. ही दारात उभी राहिली, आणि सगळ्यांनी असं बघितलं, जणू ओळखतच नाहीत. शेपूटतुटकीने तिला टोचलं! आयुष्यात जिने मान वर केली नाही तिने. हवालदारीण माघारी फिरून पाण्याच्या भांड्यामागे जाऊन बसली. आता ती सगळ्यांच्या शेवटी खाते. मी तिला वेगळे दाणे टाकत नाही. टाकावेसे वाटतात, पण टाकत नाही. तिचं तिला करू दे.

घरात मी अजून दोन कप चहा टाकते. एक गार झाला की झाडाला घालते. लोक विचारतात, एकटं वाटत असेल नाही? मी म्हणते, छे, दहा कोंबड्या आहेत. पण हे पत्र कोणी वाचत असेल तर खरं सांगते, वाटतं. फार वाटतं.

चिंधीची पाठ भरली. जाकीट काढलं. ये म्हणत नाही. फाटकाला कुलूप नसतं, एवढंच कळवते.


१० एप्रिल

'रविवारी येते. थांबणार नाही.' एवढं कार्ड, आणि खरंच आलीस. तू गेल्यापासून तीन दिवस मनात तुझ्याशीच बोलतेय, म्हणून लिहून काढते.

मी पुढच्या दाराशी उभी होते, टेबलावर नवा टेबलक्लॉथ अंथरून, चहाचं आधण ठेवून. तू बाजूच्या फाटकातून सरळ परसात गेलीस. मला मागच्या खिडकीतून दिसलीस. बादली पालथी घालून बसलीस, चिंधीला मांडीवर घेतलंस, पिसं फुंकून पाठ बघितलीस. बसायची तऱ्हा हुबेहूब तुझ्या बाबाची. कोपर गुडघ्यावर, मान तिरकी.

बाहेर आले, तर तू मान वर न करता म्हणालीस, "चांगली भरलीय, बाई." बाई म्हणालीस. मीच शिकवलेलं.

मग विचारलंस, "ते रागावले होते? मी आले नाही म्हणून?"

तिथे मी जे सांगितलं ते पुन्हा लिहिते, कारण तेव्हा तुला नीट ऐकू गेलं की नाही कोण जाणे. तो रागावला नव्हता. आठव्या दिवशी मला म्हणाला, "नवीन नोकरी आहे गं तिची. रजा मिळाली नसेल." हे त्याचे शब्द. यात माझा एकही नाही.

तू बराच वेळ चिंधीची पिसं सारखी करत राहिलीस. मग सांगितलंस, ते मला कुठून माहीत असणार? उन्हाळ्यात तूच बाबाला म्हणालीस, जुन्या थकल्या, नव्या आणा. आणि तो म्हणाला, आणतो, पण नव्या जुन्यांत सोडायचं काम तुझं. तू घरी येऊन ते करायचं. ताईला मी सांगतो.

त्याने मला सांगितलं नाही, पोरी. उन्हाळ्यापासून खोकला लागेपर्यंत रोज माझ्यासमोर बसून जेवला आणि सांगितलं नाही. त्याला धीर झाला नसेल. सख्ख्या बहिणीला एवढं सांगायला माणसाला धीर गोळा करावा लागावा, अशी मी होते. सहा तलंगा म्हणजे तुला या घरात आणायची त्याची युक्ती, आणि मी त्या खोक्यावर सही करून म्हटलं, साहेब बाहेर गेलेत.

मी म्हटलं, आत चल, चहा झालाय. तू म्हणालीस, बस आहे. नळाला ओंजळ लावून पाणी प्यायलीस. जाताना पायरीवर पिशवी ठेवलीस. "आईने दिलंय. म्हणाली, परत द्यायचं राहिलं होतं." फाटक आवाज न करता लावलंस.

पिशवीत पिवळा फ्रॉक होता. मी तो उलटा करून यंत्राच्या दिव्याखाली धरला, आमची जातच तशी, कापड आधी आतून बघतो. दोन्ही कुशींना, बगलेखालच्या शिवणीत, हाताने टाके घातलेल्या पट्ट्या. निळ्या ठिपक्यांच्या. ज्या अभ्र्यावरून मी वहिनीला आठवडाभर बोलले, चोर म्हणायचं तेवढं बाकी ठेवलं, तो हा. मी मायेला कापड ठेवलं नाही म्हणून तिने माझ्याच उशीचं कापलं. टाके बारीक आहेत. मला इतके बारीक हाताने जमले नसते. तिला सांग, अभ्रा मिळाला.

आज दिवेलागणीला खुराडं बंद करायला गेले. हवालदारीण दांडीच्या अगदी टोकाला बसते आता, भिंतीशी. तिच्या शेजारी कोणी बसत नाही. आज चिंधी होती. चिकटून नाही, एका कोंबडीची जागा मध्ये सोडून. हवालदारणीने मान वळवली, मी म्हटलं, आता टोचते. नाही टोचलं. डोळे मिटून घेतले. मी दार लावलं आणि आले.

याच्याबरोबर पार्सल आहे. कोंबड्या हाताळायला चढवलेला तुझा दवाखान्याचा ऍप्रन बघितला मी, खांद्यावर ओढतो आणि खिसा फाटलाय. नवा शिवलाय, पांढरा, जाड कापडाचा, मागे नाडी. बटण एकही नाही. माप तू बादलीवर बसली होतीस तेव्हा नजरेने घेतलं, त्यामुळे चूकभूल असेल. तुझ्या बाबाची खोली मी धुऊन काढली आहे, पलंग खाली केला आहे. कोंबड्यांचा वास जरा येतो अजून. पुढच्या महिन्याचा पहिला रविवार पाच तारखेला आहे. मला बाई म्हटलंस तरी चालेल, पण आत येऊन म्हण.

ऍप्रन घालून बघ. कुठे आवळला तर फेकू नकोस, कुशीत उसव. दोन्ही बाजूंना चार-चार बोटं माया ठेवली आहे.